दुपारी अडीचचा ऑक्सिजन: तळ्यावरच्या एका अभ्याससहलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका शाळेच्या अभ्याससहलीचं आहे. शाळा, जागा आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं आणि काही खुणा काढून टाकल्या आहेत. घटनांचा क्रम मात्र बदललेला नाही.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा एक वर्ग, त्यांना विज्ञान शिकवणाऱ्या बाई, सोबत काही पालक, आणि गोड्या पाण्यातली जीवसृष्टी दाखवण्याचं प्रशिक्षण घेतलेल्या एक मार्गदर्शक. मुलं त्यांना ताई म्हणत. जायचं होतं दोन ठिकाणी: झाडीतून वाहणारा एक ओढा, आणि तो पुढे ज्याला मिळतो ते उथळ तळं. या दोन्हींच्या मध्ये एक वस्ती आहे आणि तिचं थोडं सांडपाणी ओढ्यात येतं. तळ्याची देखभाल एक समिती करते. मुलांनी केलेला तक्ता तळ्याकाठच्या फलकावर लावायचं समितीने आधीच कबूल केलं होतं. पुढे घडलेल्या गोष्टींत या कबुलीचा मोठा वाटा आहे.

तयारी चांगली झाली होती. आठवडाभर आधी ताई शाळेत येऊन गेल्या. मुलांनी जाळी, पांढरे ट्रे, भिंग आणि जीव ओळखायच्या पत्रिका हाताळून पाहिल्या. दोन्ही जागांचे फोटो पाहिले. डबा कुठे खायचा, स्वच्छतागृह कुठे आहे हेही त्यांना सांगितलं गेलं. हे शेवटचं क्षुल्लक वाटतं, पण नाही. नीर ओरियन आणि आवी हॉफस्टाइन यांनी १९९४ साली विज्ञान-सहलींचा अभ्यास मांडला. विषय, जागा आणि दिवसाचा क्रम या तिन्हींचं नवखेपण आधी कमी केलं, तर मुलं जागेवर जास्त शिकतात, असं त्यांना दिसलं. इथेही ते दिसलं. ओढ्यावर पोचल्यावर दहा मिनिटांत सगळे कामाला लागले होते.

आधी ओढा आणि मग तळं, हा क्रम ताईंनी विचार करून ठरवला होता. जाळी आणि बूट यांच्याबरोबर एका पाण्यातले जीव आणि रोग दुसऱ्या पाण्यात जातात. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी अशीच ओल्या साहित्यातून पसरू शकते. म्हणून स्वच्छ पाण्याकडून गढूळ पाण्याकडे जायचं आणि परत आल्यावर सगळं धुऊन कडक वाळवायचं, हा नियम त्या काटेकोरपणे पाळतात. नियम योग्यच आहे. पण त्यामुळे तळ्याची पाळी दुपारी आली.

अडचण कुठे आली

ओढ्यावरचं काम सुरळीत झालं. एकाने पायाने तळाचे दगड हलवायचे, दुसऱ्याने प्रवाहाच्या खालच्या बाजूला जाळी धरायची. ट्रेमध्ये मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या कीटकाच्या चपट्या अळ्या आल्या, बारीक खड्यांचं घर अंगावर वागवणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या आल्या, टाचण्यांची, म्हणजे चतुरासारख्या बारीक कीटकांची, पिल्लं आली. पाण्याचं तापमान २४ अंश, विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे ७.४ मिलिग्रॅम. मुलांच्या पत्रिकेत ८ आणि त्यापुढे ‘उत्तम’, ५ ते ८ ‘बरा’ आणि त्याखाली ‘वाईट’ असे तीन रंग होते. ओढा ‘बरा’ ठरला.

तळ्यावर पोचल्यावर ताईंनी आधी काठाने एक फेरी मारली. वारा ज्या कोपऱ्याकडे वाहत होता तिथे पाण्यावर सांडलेल्या रंगासारखा हिरवा थर होता. काडी घालून पाहिली तर दोरे निघाले नाहीत, नुसता हिरवा लेप आला. म्हणजे ते तंतूंचं साधं शेवाळ नव्हतं. सायनोबॅक्टेरिया, म्हणजे निळे-हिरवे जिवाणू, असण्याची शक्यता होती. यांतले काही प्रकार विष तयार करतात, आणि विष आहे की नाही हे नुसतं बघून ठरवता येत नाही. ताईंनी पाण्यात उतरण्याचा भाग तिथल्या तिथे रद्द केला. सगळ्यांना वाऱ्याच्या उलट बाजूच्या कठड्याच्या धक्क्यावर नेलं, लांब दांड्याची जाळी दिली आणि नमुने हाताळायला हातमोजे दिले. या निर्णयावर कुणाचंच दुमत झालं नाही.

खरी अडचण त्यानंतर उभी राहिली. अडीच वाजता धक्क्यावरून मोजलं तेव्हा पाणी २८ अंश, सामू (pH) ९.२ आणि ऑक्सिजन १२.६. पत्रिकेप्रमाणे ‘उत्तम’. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एकाने विचारलं, “ताई, ओढा सात पॉइंट चार आणि तळं बारा पॉइंट सहा. म्हणजे तळं जिंकलं ना?” समितीचे एक सदस्य शेजारीच उभे होते. ते खूश होऊन म्हणाले, “बघा, आमचं तळं किती छान राखलंय!” एका गटाने तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहूनही टाकलं: ‘तळ्याचं पाणी ओढ्यापेक्षा स्वच्छ’.

ताईंना त्या आकड्याचा अर्थ लगेच कळला. २८ अंशाच्या पाण्यात हवेशी समतोल साधून सुमारे ७.८ मिलिग्रॅम ऑक्सिजन राहतो. इथे त्याच्या दीडपटीहून जास्त होता. इतका जादा ऑक्सिजन हवेतून येत नाही, तो पाण्यातच तयार होतो. हिरव्या पाण्यातले सूक्ष्म जीव दिवसभर प्रकाशसंश्लेषण करतात, ऑक्सिजन सोडतात आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. म्हणून सामूही ९ च्या वर गेला होता. सूर्य मावळला की हेच जीव फक्त श्वसन करतात आणि ऑक्सिजन खाली यायला लागतो. जितका हिरवा दिवस, तितकी कठीण पहाट. मुलांनी ज्याला ‘उत्तम’ म्हटलं ते पाणी अतिपोषणाने, म्हणजे जादा पोषक द्रव्यांनी, आजारी असल्याचं लक्षण होतं.

जाळीत आलेले जीवही वेगळंच सांगत होते. गाळातल्या लालभडक कायरोनोमिड (डासासारख्या दिसणाऱ्या माश्यांच्या) अळ्या, पाठीवर उलटे पोहणारे किडे, गोगलगायी. अळ्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो आणि त्याच्या जोरावर त्या कमी ऑक्सिजनमध्ये तग धरतात. उलटे पोहणारे किडे हवेचा बुडबुडा सोबत घेऊन बुडी मारतात. या गोगलगायीही वर येऊन हवा घेणाऱ्या जातीच्या होत्या. थोडक्यात, ट्रेमधल्या बहुतेकांना पाण्यातल्या ऑक्सिजनची फारशी गरजच नव्हती.

ताईंनी मुलांना फक्त एवढंच विचारलं, “ओढ्यातली चपटी अळी इथे का नाही सापडली?” एक मुलगी पटकन म्हणाली, “इथे दगडच नाहीत ना, ताई.” उत्तर बरोबर होतं. वाहत्या पाण्यातले आणि साचलेल्या पाण्यातले जीव एरवीही वेगळेच असतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये नद्यांसाठी एक गुणपद्धत बसवली गेली. तिच्यात जितकं स्वच्छ पाणी लागणारा जीव, तितके जास्त गुण: चपट्या मेफ्लायच्या कुळाला १० आहेत आणि कायरोनोमिडना २. पण ती पद्धत वाहत्या पाण्यासाठी आहे. तळ्याला ते गुण लावून ‘हे पाणी वाईट’ असं ठरवणं शास्त्राला धरून झालं नसतं. त्या मुलीच्या एका वाक्याने ताईंचा सोपा पुरावा काढून घेतला, आणि मला वाटतं ते फार चांगलं झालं. आता निष्कर्ष चूक ठरवायचा तर जागा तीच ठेवून वेळ बदलणं, एवढाच मार्ग उरला.

समोरचे पर्याय

बस यायला पाऊण तास होता. बाई आणि ताई जरा बाजूला जाऊन बोलल्या.

तिथेच सगळं समजावून सांगणं सर्वांत सोपं होतं. बाईंचा कल त्याकडे होता, कारण मुलं चुकीचा निष्कर्ष घेऊन घरी जातील याची त्यांना धास्ती वाटत होती. ताईंचं म्हणणं होतं की स्वतः मोजलेला आकडा आणि ताईंचं भाषण यांत मुलं आकड्यावरच विश्वास ठेवतील, आणि त्यांनी ठेवावाही.

सगळ्या वर्गाला दुसऱ्या दिवशी पहाटे आणायचं, हा पर्याय मुलांना नक्की आवडला असता. पण अंधार, पाण्याचा काठ, पुन्हा बस, पालकांची नव्याने परवानगी आणि मोजकीच मोठी माणसं, हे गणित जमणारं नव्हतं. मोजकी मुलं पालकांसह बोलवावीत, तर ज्यांचे पालक येऊ शकत नाहीत ती वगळली गेली असती. बाईंना ते मान्य नव्हतं.

तिसरा मार्ग बाटल्यांचा. गार्डर आणि ग्रान यांनी १९२७ साली ही पद्धत मांडली. त्याच पाण्याच्या दोन बाटल्या भरायच्या, एक उजेडात ठेवायची, दुसरी झाकून अंधारात, आणि काही तासांनी दोन्हींतला ऑक्सिजन मोजायचा. हे काम मुलांनाच करता येत होतं. शिवाय ताई आणि बाईंनी संध्याकाळी, रात्री आणि पहाटे धक्क्यावरून मोजणी करून व्हिडिओ काढायचा, अशीही एक सूचना आली.

तक्त्याचं काय करायचं, हा प्रश्न वेगळाच होता. समितीला तो त्याच संध्याकाळी हवा होता.

काय केलं

निर्णय तीन भागांत झाला, आणि त्यांतला पहिला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ताईंनी ऑक्सिजनचा प्रश्न उघडा ठेवला, पण सुरक्षिततेचा ठेवला नाही. बसमध्ये चढण्यापूर्वी त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितलं, “आकडा काहीही असो, या पाण्यात उतरायचं नाही, ते प्यायचं नाही, कुत्र्यालाही पाजायचं नाही.” एका मुलाने तक्त्याचा फोटो पालकांच्या ग्रुपवर आधीच टाकला होता. म्हणून बाईंनी संध्याकाळी सर्व पालकांना तोच मजकूर पाठवला. मुलांनी स्वतः शोधून काढावं ही भूमिका चांगली आहे, पण ज्या चुकीमुळे एखादं मूल हिरव्या पाण्यात पोहायला जाईल ती चूक क्षणभरही तशी ठेवता येत नाही.

दुसरं, तक्ता दिला नाही. ताईंनी समितीच्या सदस्यांना सांगितलं की मोजणी अर्धीच झाली आहे आणि एकाच वेळेच्या आकड्यावरून फलक लावणं बरोबर नाही. ते नाराज झाले. फलकासाठी लोक येणार होते. ताईंनी वाद घातला नाही, दोन आठवड्यांची मुदत मागून घेतली.

तिसरं, मुलांनी बाटल्या भरल्या. पाण्याखाली काठोकाठ, आत बुडबुडा न ठेवता. निम्म्या बाटल्या चंदेरी कागदात गुंडाळल्या आणि वर्गात नेल्या. बाई आणि ताई संध्याकाळी सहा, रात्री दहा आणि पहाटे पाच वाजता धक्क्यावर परत गेल्या. ऑक्सिजन अनुक्रमे ११.८, ८.४ आणि २.३. पहाटेचा सामू ७.६.

काय निघालं

दुसऱ्या दिवशी वर्गात पहाटेचा व्हिडिओ दाखवला. कुणालाच तो पटला नाही. “मशीन बिघडलं असेल,” “सेल संपले असतील,” अशी कुजबूज सुरू झाली. ज्या मुलीने दगडांचं उत्तर दिलं होतं तिने सरळ विचारलं, “बाई, मोजायच्या आधी तुम्ही कॅलिब्रेशन केलं होतं का? व्हिडिओत दिसत नाही.” कॅलिब्रेशन, म्हणजे मशीन बरोबर दाखवतं ना हे ठरलेल्या मापाशी जुळवून घेणं, केलं होतं, पण त्याचं चित्रीकरण नव्हतं. आदल्या दिवशी ताईंनीच मुलांना शिकवलं होतं की कॅलिब्रेशन न केलेला आकडा लिहायचा नाही.

बाटल्यांनीही एका दमात उत्तर दिलं नाही. उजेडातल्या बाटल्यांमध्ये बुडबुडे बसले होते, कारण पाण्यात आधीच मावेल त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन होता. त्यामुळे त्यांचा आकडा विश्वासाचा राहिला नाही. अंधारातल्या बाटल्यांमध्ये ऑक्सिजन ७ च्या आसपास उतरला होता. उतरला हे खरं, पण तळ्यात तो २.३ पर्यंत गेला होता. फरक कुठून आला? मुलांनी दोन कारणं काढली. तळं उघडं असतं, म्हणून जादा ऑक्सिजन हवेत निसटतो. आणि तळ्याला गाळ असतो, बाटलीला नसतो. ताईंनी फोनवरून एकच धागा दिला: हवेत निसटणं कुठपर्यंत चालेल? कोणत्या तापमानाला पाण्यात किती ऑक्सिजन मावतो, त्याचा तक्ता मुलांनी काढून पाहिला. समतोलाचा आकडा, म्हणजे आठच्या जवळ, आला की निसटणं थांबतं. त्याखाली तर हवाच पाण्याला ऑक्सिजन देऊ लागते. म्हणजे आठच्या खालची सगळी घसरण पाण्यातल्या आणि गाळातल्या जिवांनीच केली. बाई नंतर म्हणाल्या की या अर्ध्या तासात मुलांनी जे केलं, त्यासाठी त्यांनी आणखी तीन सहली काढल्या असत्या.

मशीनवरचा संशय मात्र तसाच राहिला. मग बाईंना विंक्लर पद्धत आठवली. लुडविग विंक्लर यांनी ती १८८८ साली मांडली. तिचा इथे उपयोगी पडणारा गुण असा की नमुना जागेवरच बांधून ठेवता येतो. बाटलीत मँगनीजचा क्षार आणि अल्कली आयोडाइड घातलं की विरघळलेला ऑक्सिजन साक्यात अडकतो आणि पुढचं मोजमाप काही तासांनी करता येतं. ऑक्सिजन भरपूर असेल तर साका तपकिरी होतो, नसेल तर पांढराच राहतो. बाईंनी एका दुपारी आणि त्याच्या दुसऱ्या पहाटे तळ्याचे नमुने असे बांधून आणले. आम्ल घालण्याचं काम त्यांनी चष्मा आणि हातमोजे घालून स्वतः केलं, थेंब मोजत टायट्रेशन मुलांनी केलं. आकडे येण्याआधीच निकाल लागला होता: टेबलावर एक बाटली गडद तपकिरी, दुसरी जेमतेम पिवळसर. पहाटेच्या नमुन्याचा आकडा अडीचच्या आसपास आला. त्यानंतर मशीनबद्दल कुणी बोललं नाही.

नवा तक्ता द्यायला काही मुलं बाईंबरोबर तळ्यावर गेली तेव्हा तिथल्या पहारेकऱ्यांशी गाठ पडली. ‘पहाटे २.३’ वाचून ते म्हणाले, “अहो, ढगाळ दिवस गेला की दुसऱ्या दिवशी पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडतात. मी रोज बघतो.” हे बरोबरच आहे. ढगाळ दिवशी ऑक्सिजन कमी बनतो आणि रात्रीचा खर्च मात्र तेवढाच राहतो. मुलांना दोन आठवडे लागले ते या गृहस्थांना ठाऊक होतं, आणि सहलीच्या दिवशी ते धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर बसलेले होते.

नव्या तक्त्यावर दोन रकाने होते, दुपार आणि पहाट. खाली एक वाक्य होतं की वस्तीच्या सांडपाण्यामुळे तळं हिरवं झालं आहे. समितीने थोडे आढेवेढे घेऊन तक्ता लावला, पण ते वाक्य काढून.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत स्वस्त उपाय वेळापत्रकातच होता. सकाळी ओढ्याकडे जाताना बस तळ्यावरूनच गेली होती. जाळी बाहेरही न काढता, धक्क्यावर पाच मिनिटं थांबून मुलांनी एकदा ऑक्सिजन मोजला असता आणि मोजणीचं टोक धुऊन ठेवलं असतं, तर आधी ओढा मग तळं हा क्रमही मोडला नसता. सकाळी आठला ऑक्सिजन पहाटेइतका तळाला नसतो, पण दुपारच्या मानाने बराच खाली असतो. मग दुपारी मुलांच्याच वहीत, त्यांच्याच हाताने घेतलेले दोन न जुळणारे आकडे आले असते. व्हिडिओ, संशय आणि दुसरी पहाट यांतलं बरंचसं टळलं असतं. ताई आता असंच करतात. साचलेलं पाणी बघायचं असेल तर दिवसातून दोनदा मोजायचं, मग बाकीचं काही कमी करावं लागलं तरी चालेल.

तीन रंगांची पत्रिका मला सर्वांत दोषी वाटते. ‘८ च्या पुढे उत्तम’ हे एकाच दिशेने चढणारं माप आहे, आणि ऑक्सिजन तसा वागत नाही. आकड्याऐवजी संपृक्ततेची टक्केवारी, म्हणजे समतोलाला मावेल त्याच्या किती टक्के ऑक्सिजन आहे ते, काढायला लावली असती, तर ओढा ८८ टक्के आणि तळं १६० टक्के असं समोर आलं असतं. शंभराच्या वर कसं जाईल, हा प्रश्न मुलांनी आपणहून विचारला असता. पत्रिकेत आता वरच्या टोकालाही इशाऱ्याचा रंग आहे.

पहारेकऱ्यांशी सहलीच्या आधी बोलायला हवं होतं, हे उघड आहे. जागेची पाहणी करताना खोली, वाट आणि सावली बघतात, पण तिथे रोज असणाऱ्या माणसाला ‘पहाटे काय दिसतं’ हे क्वचितच विचारतात.

व्हिडिओची वाट मात्र मला तितकी चुकीची वाटत नाही. मुलांनी ती नाकारली आणि नाकारण्याचं कारणही पक्कं दिलं. पण नमुना बांधून आणणं पहिल्याच पहाटे सुचलं असतं तर एक आठवडा वाचला असता, हेही खरं.

काढून टाकलेल्या वाक्याबद्दल मुलं रागावली. पत्र लिहायचं ठरलं, मसुदाही झाला. बाईंनी वर्गात कॅनडातल्या २२६ क्रमांकाच्या तळ्याचा फोटो दाखवला. १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी ते तळं मधोमध पडदा लावून दुभागलं. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन घातलं, दुसऱ्या बाजूला त्यांच्यासोबत फॉस्फरसही. फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली. मग बाईंनी विचारलं, “आपल्या तळ्यात फॉस्फरस कुठून येतो, हे आपण मोजलंय का?” मोजलं नव्हतं. समितीने वाक्य काढलं त्यामागचा हेतू काहीही असो, ते वाक्य मुलांच्या आकड्यांवर उभं नव्हतं, आणि बाईंनी हे मुलांना न दुखावता सांगितलं.

पत्र सध्या थांबलं आहे. सांडपाणी ओढ्याला मिळतं त्याच्या वर आणि खाली फॉस्फेट मोजायचं, तेही एकाच दिवशी दोन वेळा, असं ठरलं आहे. वेळापत्रक या खेपेला मुलांनी केलं आहे. त्यात पहिलं काम पहारेकऱ्यांना भेटण्याचं आहे.